जुनं फीड आधी

सोमवार, ८ सप्टेंबर
शनिवारी लिहिलं ते चूक. मी मोबाइलवर 'फीड' लावलंय हे ऐकून हसले ते बाबा नव्हेत, आई हसली. बाबा उलट गंभीर झाले. कोंबड्यांच्या खाद्याच्या गोदामात त्यांनी अर्धा जन्म पोती उचलली. वाचता येत नाही, पण पोत्यावरचा 'फीड' हा शब्द तेवढा ओळखतात. मी समजावलं — आवडत्या साइटवर सारखं जाऊन बघायला नको, नवं काही आलं की आपोआप मोबाइलवर येतं.
'म्हणजे माल घरपोच,' बाबा म्हणाले. 'मग जुना आधी काढ. नव्याला हात लावलास की खालचा किडलाच.'

मंगळवार, ९
बाबांचं पटलं. जुनं वर, नवं तळाशी, अशी मांडणी करून घेतली. आणि नुसतं चाळून पुढे जायचं नाही. ती फसवणूकच ना?

गुरुवार, ११
बातम्यांची साइट दिवसभर ओततेय नुसती! सध्या वाचतेय: 'खुर्च्या का डुगडुगतात, भाग तिसरा'. पार तळाशी ग्रंथालयाच्या साइटवरून काही आलंय — 'साहाय्यक पदासाठी मुलाखती'. मी अर्ज केला होता तेच पद!
पण आधी खुर्च्या.

शनिवार, १३
भाग नववा. आई म्हणते, 'जेव आधी. ते फीड तुलाच खायला लागलंय.'
मुलाखत होऊन गेली असेल तर? घरात पहिली शिकलेली मी, आणि अडकले कुठे, तर खुर्चीच्या पायात!

रविवार, १४
शेवटी रडत रडत बाबांना सांगितलं.
'अगं, गिऱ्हाइकाचं नाव घातलेलं पोतं थप्पीतून कुठूनही ओढतात! एवढंही कळू नये?'
मी म्हटलं, त्यात माझं नाव आहे का ते उघडल्याशिवाय कळणार नाही. आणि नाव नसेल तर मध्येच उघडणं हे —
'ओढ!!'
शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली.

सोमवार, १५
ओढलं. नाव आहे!
बाकीचं सगळं एकदम काढून टाकायचं बटण दाखवलं, तर बाबांनीच ते दाबलं. 'खराब माल. बाहेर.' खुर्च्यांचा भाग दहावा राहिला तो राहिलाच. जरा चुटपुट लागली.
मुलाखतीला जाणार. परवा. बुधवारी, १७ तारखेला, सकाळी अकराला.