माघारी फिरलेली जहाजं

अण्णा,

तुमची नाकाबंदी मी यंदा दिवाळीच्या आधी उठवली. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, म्हणून लिहायला बसले. तसं तुम्ही आहात तिथंही बातमी पोचली असेलच, कारण आपल्या गावातून वर गेलेल्यांपैकी एकही माणूस तोंड मिटून बसणारा नव्हता. काकांच्या शेताकडं जाणाऱ्या गाडीवाटेवर तुम्ही बाभळीच्या काट्या आडव्या टाकल्या होत्या आणि तुमच्यानंतर दादा दर वर्षी नव्या काट्या तोडून त्याच जागी टाकत आला. त्या सगळ्या मी ओढून बाजूला केल्या. दिवसाढवळ्या, लोकांच्या देखत. मला पश्चात्ताप झालेला नाही, आणि होईल म्हणून वाट बघू नका.

ते भांडण नेमकं कशावरून पेटलं हे मला आजही धड सांगता येत नाही. काकांनी नांगरताना बांध कोरला असं तुम्ही म्हणायचात, बांध पावसानं खचला असं काका म्हणायचे. दोघं सख्खे भाऊ, एका ताटात जेवलेले, आणि इरेला पेटलात ते हातभर मातीवरून. त्यांचं शेत आपल्या शेताच्या पाठीमागं आणि त्यांची वाट आपल्यातून. एका सकाळी तुम्ही कुऱ्हाड घेऊन ओढ्याकाठची बाभूळ छाटलीत आणि ती वाट बुजवलीत. तेव्हापासून काकांची बैलगाडी ओढ्यातून लांबचा वळसा घालून जायची, आणि पावसाळ्यात ओढा भरला की तेही बंद. विहीर वाटणीत आपल्याकडं आलेली, त्यामुळं काकूला पाण्याला यायचं तरी तीच वाट. तुम्ही सायकलवरून तेरच्या शाळेत शिकवायला जायचात, मी मागच्या कॅरेजवर बसलेली असायचे. काट्यांपाशी आलं की तुम्ही सायकल जरा हळू करून सगळं जागच्या जागी आहे ना ते बघायचात, आणि मगच पुढं पायडल मारायचात.

घरी अण्णा, शाळेत सर. इतिहासाच्या पुस्तकात शीतयुद्धाला जेमतेम पान दिलेलं, तुम्ही त्यावर आठवडा घालवायचात. बासष्ट साली तुम्ही कॉलेजात होता. सगळा देश चीनच्या सीमेवरच्या बातम्यांकडं कान लावून बसलेला, आणि तुम्ही वसतिगृहाच्या रेडिओवर क्यूबाचं काय झालं ते शोधत होता. हे तुम्ही मोठ्या अभिमानानं सांगायचात. रशियानं अमेरिकेच्या अंगणात अण्वस्त्रं आणून ठेवली, अमेरिकेनं समुद्रात जहाजांचं कडं केलं, रशियाची जहाजं तरी येतच राहिली. तुम्ही फळ्यापुढं उभे राहून दोन्ही हातांच्या मुठी वळता आणि एकमेकींकडं हळूहळू सरकवता. वर्गात कुणी खोकतसुद्धा नाही. मुठी आता आदळणार, एवढ्यात डावी मूठ थांबते आणि मागं फिरते. "फिरली जहाजं!" तुम्ही म्हणता. "नजरेला नजर भिडवून उभं ऱ्हायलं की असं होतंय. ज्याची पापणी आधी लवली, तो हरला." मुलं टाळ्या वाजवतात. मी मात्र तुमच्या डाव्या मुठीकडं बघत राहते.

आणि तुमचा तो दुसरा आवडता धडा! काकूचे भाऊ उमरग्याच्या पलीकडून, कानडी मुलखातून, टेम्पो भरून आले होते, आठवतं ना? बहिणीची वाट मोकळी करून देतो म्हणून काठ्या-कुऱ्हाडी घेऊन आलेले. त्यांना वाटलं होतं, गुरुजीच्या ताठ्याला सगळं गाव वैतागलंय, आपण नुसतं शेतात उतरायचं की गाव मागं उभं राहील. गाव आलं, पण बघायला. काळ्या रानात पाऊस मुरलेला, टेम्पो चाकाच्या आसापर्यंत रुतून बसला. काट्या हातभर अंतरावर आणि पाहुणे घोटाभर चिखलात. तुम्ही बांधावर हाताची घडी घालून उभे. शेवटी त्यांच्यातला थोरला म्हणाला, "गुरुजी, काट्याचं ऱ्हाऊ द्या, गाडी तेवढी काढून द्या की." तुम्ही आपलेच बैल जुंपून टेम्पो ओढून काढलात, आणि आईनं सगळ्यांना पिठलं-भाकरी वाढली, कारण कशासाठीही आला तरी पाहुणा तो पाहुणा. नंतरच्या आठवड्यात तुम्ही वर्गात अमेरिकेनं पाठवलेले लोक क्यूबाच्या डुकरांच्या उपसागरात कसे उतरले आणि कसे फसले ते शिकवलंत. लोक उठाव करून आपल्याला येऊन मिळतील असा त्यांचाही होरा होता. उपसागराचं नाव ऐकून मुलं हसली, आणि तुम्हीही त्या दिवशी पोटभर हसलात. तेवढं मात्र तुमचं मला अजून आवडतं.

पण मुठींच्या धड्याला मी उठून उभी राहिले होते. मी विचारलं, "सर, मागं फिरला तो हरला कसा? तो फिरला म्हणून तर सगळे वाचले." तुम्ही खडू ठेवलात, माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "पोरीच्या जातीला माघार लई सोपी वाटती. खाली बस." मुलं फिदीफिदी हसली. घरी जाताना मी कॅरेजवर बसले नाही, चालत आले. तुम्ही मागं वळून बघितलं नाही. त्या दिवशी मी ठरवलं की इतिहासच शिकायचा, आणि तुमच्यापेक्षा जास्त शिकायचा. शिकले. आज भूमला कॉलेजात बारावीच्या मुलांना शीतयुद्ध मीच शिकवते. मुलांच्या मोबाईलवर रोज कुणीतरी कुणाला तरी अणुबॉम्बची धमकी देत असतं. परवा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, एकदाचा टाकून मोकळं व्हायला पाहिजे." मी त्याला खाली बस म्हणाले नाही. त्याला फळ्यापाशी बोलावलं, दोन मुठी वळायला लावल्या आणि विचारलं, आता या आदळल्यावर हात कुणाचा शिल्लक राहील ते सांग. त्यानं मुठी सोडल्या आणि जागेवर जाऊन बसला.

तुम्ही गेल्यावर तलाठ्याकडं नावं लागायची वेळ आली तेव्हा दादानं मला हक्कसोडीवर सही करायला सांगितलं. "सगळ्या बहिणी करत्यात," तो म्हणाला, "साडी नेसत्यात अन् मानानं माहेराला येत्यात." मी म्हणाले, साडी मी विकत घेईन. सही केली नाही. हिस्साही मागितला नाही. सातबाऱ्यावर नुसतं नाव राहिलं, दादाच्या नावाखाली. दादा मला दिवाळीला बोलवायचा, मी जायचे, सगळे मिळून जेवायचो, आणि त्या नावाविषयी दोघंही बोलायचो नाही. म्हणजे बघा, मीही बॉम्ब उशाशी घेऊनच झोपत होते. तुमचीच लेक मी.

यंदा पावसानं सगळ्या जिल्ह्याची दैना केली. ओढ्यावरचा नळ्यांचा पूल वाहून गेला आणि काकांच्या मुलाची वस्ती पलीकडं अडकली. काका आता नाहीत, पण वाट त्यांनाही नव्हती आणि त्यांच्या मुलालाही नाही. त्याचं सोयाबीन कापून गंज घालून ठेवलेलं, मळणीयंत्र न्यायला रस्ता नाही. त्यानं मला फोन केला. "आक्का, गंजीला कोंब फुटायलेत. दादा ऐकंना. तू बोलून बघ." मी दादाला फोन लावला. तो म्हणाला, "अण्णांनी जीव असंस्तोवर वाट सोडली न्हाय, म्या सोडू व्हय?" मी म्हणाले, माझ्या हिश्श्यातून मी वाट देते. तो म्हणाला, "दे. पण माहेर तुटलं म्हणून समज." मी म्हणाले, तुटू दे. असं एका दमात बोलून गेले, आणि फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसले. ती घासलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी एसटीनं गेले, चपला हातात घेऊन ओढा ओलांडला आणि आधी काकूकडं गेले. काकू आता फार थकली आहे, पण आवाज तोच. मी म्हणाले, अण्णांच्या हट्टापायी तुमचे फार हाल झाले. तर ती हसायलाच लागली. "हाल कसले गं? तुझी माय दुपारची काठीनं काटी उचलून धरायची, अन् म्या घागर घिऊन वाकून जायची. एकदा तुझा बाप सायकलीवर मधीच आला. आमी दोघी जागच्या जागी. त्यानं बघितलं. व्हय, चांगलं बघितलं. अन् सायकल उलटी फिरवून गेला की शाळंकडं! त्या दिसापासून लांबूनच घंटी वाजवत यायला लागला. आमाला आवरायला येळ मिळावा म्हणून." मला ती घंटी आठवते. ओढ्याच्या वळणापासून तुम्ही ती वाजवत यायचात, आणि कधी आजारी पडून घरी असले की मला वाटायचं, आईनं ताट वाढावं म्हणून वाजवताय.

अण्णा, मला रडू आलं, पण त्याहून जास्त राग आला. तो राग अजून गेलेला नाही. अमेरिकेनंही तेच केलं होतं, तुम्हाला माहीत नसेल. रशियाची जहाजं मागं फिरली हे जगाला सांगितलं, आणि बदल्यात आपण तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रं काढून घेतली हे मात्र वर्षानुवर्षं दडवून ठेवलं. दोघंही मागं सरले म्हणून जग वाचलं, पण पुढच्यांनी शिकून घेतलं ते नजर भिडवून उभं राहायचं. तुम्ही घरी तेच केलंत. सायकल फिरवलीत आणि वर्गात मुठी आवळल्यात. वाकणं तुम्हाला येत होतं, चांगलं येत होतं, मग एकदा तरी आमच्या देखत का नाही वाकलात? दादाला तुमच्या काट्या तेवढ्या दिसल्या. तो बिचारा तुम्ही कधीच केली नाही अशी नाकाबंदी आयुष्यभर इमानानं चालवत बसला. आणि मला म्हणालात माघार सोपी वाटते! सोपी असती तर लपवली असतीत कशाला?

रात्र काकूकडंच काढून सकाळी मी पदर खोचला आणि काट्या ओढायला लागले. काकांचा मुलगा मदतीला धावला, मी त्याला लांब राहायला सांगितलं. त्यानं हात लावला असता तर ती चढाई झाली असती, मी लावला तर माझ्या हिश्श्यातलं काम होतं. दादा येऊन बांधावर उभा राहिला. अगदी तुमच्यासारखी हाताची घडी. म्हणाला, "अण्णांनी टाकलेल्या काट्या हायेत त्या."

मी म्हणाले, "अण्णांनी सायकल पण माघारी फिरवली होती, ते तुला कुणी सांगितलं न्हाय." आणि काकूनं सांगितलेलं सगळं त्याला सांगितलं.

त्यानं खाली बघून ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काकू म्हातारी झालीय. कायबी बोलती." तरी तो मला अडवायला खाली उतरला नाही. शेवटची काटी निघाली तेव्हा म्हणाला, "आता माझ्या दारात पाय ठिवू नको," आणि घराकडं निघून गेला. दुपारी ट्रॅक्टरमागं मळणीयंत्र त्या वाटेनं आत गेलं. अर्धं सोयाबीन काळं पडलं होतं, अर्धं हाती लागलं. काकूला त्याच ट्रॅक्टरवर बसवून दवाखान्यात दाखवून आणलं. वाट अजून मोकळी आहे. दादानं पुन्हा काट्या टाकल्या तर मी पुन्हा काढीन, आणि त्याला तसं कळवलंही आहे. मी हरले असं गावात काही जण म्हणतात, माहेर घालवून बसली म्हणतात. म्हणू देत. तुमच्या वर्गात मी बरोबर होते, अण्णा, आणि आता तुम्हाला ते ऐकून घ्यावं लागेल, खाली बस म्हणायची सोय नाही.

हे पत्र कुणाला दाखवणार नाही. टाकायला पत्ताही नाही. तरी एक गोष्ट तुमच्यापाशी बोलून टाकते, कारण दुसऱ्या कुणापाशी बोलता येत नाही. कॉलेजात, शेजारी, सगळीकडं मी सांगते की माहेर तुटलं तर तुटलं, मला फिकीर नाही. भाऊबीजेच्या दिवशी मी सकाळपासून दार उघडं ठेवून पुढच्या खोलीत बसले होते. बाहेर गार वारं सुटलेलं. घरातली माणसं दार लावून घे म्हणाली, तर मी म्हणाले, राहू द्या, मला उकडतंय.