न लुकलुकणारा दिवा

सातपाटी, रविवार

प्रिय दिना,

काल सुलू तुला तुरुंगात भेटून तुझा निरोप घेऊन आली. खूप रडली. मी रडू दिलं, चहा केला. बुधवारी कोर्टात माझी साक्ष आहे. तुला द्यायचं उत्तर तुझ्या बायकोच्या तोंडी पाठवण्यासारखं नाही, म्हणून लिहिते.

तू नऊ वर्षांचा होतास, मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. गच्चीवर बोंबील वाळत होते आणि मी तुला सांगितलं होतं, लुकलुकतो तो तारा, लुकलुकत नाही तो तारा नव्हे. तू घोकून पाठ केलंस. तेवढ्यात आईने मासळी निवडायला हाक मारली आणि धडा तिथेच राहिला.

पुढे तू वीस वर्षं बोईसरच्या कारखान्यात काढलीस आणि मग बाबांची होडी चालवायला घेतलीस. जानेवारीत कुणीतरी तुझं जाळं कापलं. त्यानंतर तू समुद्रावर मासे नाही, एडवण गावची माणसं शोधत होतास. त्या संध्याकाळी पश्चिमेला तो उजेड दिसला. "एडवणवाल्यांचा दिवा!" म्हणून तू ओरडलास. तुझ्या होडीवरचे चिंतूकाका म्हणाले, "अरे दिना, शुक्र हाय तो. महिनाभर तितंच हाय." तू म्हणालास, "माजी बहीण बीएस्सी हाय. लुकलुकत नाय तो तारा नाय!" आणि बापाच्या वयाच्या खलाशाच्या थोबाडीत मारलीस. तासभर होडी पळवलीत. दिवा तेवढाच लांब राहिला, तरी बाकी कुणाला शंका आली नाही.

वाटेत आडवी आली एडवणच्या अंकुशची होडी. लहानशी, बिनइंजिनाची. तिच्यावर कंदीलसुद्धा नव्हता. तुम्ही ती धडक देऊन फोडलीत. तो तुमच्या होडीचा काठ धरून वर येऊ लागला, तेव्हा तू वल्ह्याने त्याची बोटं ठेचलीस. वर ओढलंत ते बांबूने मारायलाच. "मी नाय कापलं," एवढंच तो म्हणत राहिला. डावा डोळा फुटला तेव्हा तो बेशुद्ध पडला. हे चिंतूकाकांनी मला सांगितलं. उजेड अजून वरच होता, आणि तुमच्यापैकी एकानेही मान वर केली नाही.

आता राहिलेला धडा. तारा इतका दूर असतो की त्याचा नुसता ठिपका दिसतो. हवा हलली की त्याचा बारीक किरण हलतो, म्हणून तो लुकलुकतो. ग्रह जवळ असतो. दिसायला ठिपका, पण खरं तर छोटी तबकडी. तिचे अनेक किरण एकमेकांची थरथर सांभाळून घेतात, म्हणून तो स्थिर दिसतो. शुक्राला स्वतःचा उजेडही नाही, तो उन्हाने चमकतो. हे सांगायला मला दोन मिनिटं पुरली असती. माझी चूक तेवढीच. वल्हं तुझ्या हातात होतं.

तुझा निरोप असा, की मी कोर्टात सांगावं, गच्चीवरून मला अंकुशच्या होडीवर दिवा दिसला, तो तुमच्या अंगावर चालून येत होता. शाळेतल्या बाईंचं म्हणणं खोटं कोण ठरवणार, असंही तू म्हणालास. दिना, मी त्या संध्याकाळी गच्चीवरच होते, बोंबील काढत. समुद्रावर दिवा नव्हता. आकाशात शुक्र होता. बुधवारी मी एवढंच सांगणार आहे. सुलू आणि मुलं माझ्याकडे राहतील. तू सुटशील तेव्हा होडी विकलेली असेल, तिचे पैसे अंकुशला दिलेले असतील. बाबांनी ती माझ्या नावावर ठेवली होती, हे तू विसरलास.

तरीही तुझीच,
ताई