गडग्यावरची रेंज

१ जानेवारी २००४, गुरुवार

नवीन वर्ष, नवीन मोबाईल, नवीन डायरी. डायरी मोबाईलवर फुकट मिळाली, रशीदच्या दुकानातून. रशीद बारा वर्षं दुबईला होता, त्याला मशिनातलं कळतं. मला माणसांतलं कळतं. एकतीस वर्षं एसटी स्टँडवर कंट्रोलर होतो, माईकवर गाड्या पुकारल्या. संपर्क म्हणजे काय, हे मला कोणी शिकवू नये.

संकल्प: रोज लिहिणे. थोडक्यात लिहिणे. गडग्यापलीकडच्या माणसाचं नाव डायरीत येऊ न देणे.

२ जानेवारी

घरचा टेलिफोन परत करून आलो. खिशात मोबाईल असताना भिंतीला वायर कशाला? सावित्रीने भिंतीवरचा वायरचा डाग पुसून काढला. म्हणजे पटलं.

संध्याकाळी बघितलं तर रेंजची एकही काडी नाही. नवीन आहे. रुळेल.

९ जानेवारी

रुळला नाही. ओटीवर नाही, माजघरात नाही, मागच्या पडवीत नाही, माळ्यावर तर नाहीच. माळ्यावर खोबऱ्याची हरवलेली किसणी सापडली.

स्टँडवर जाऊन रशीदला फोन केला. (तिथे पाच काड्या!) म्हणाला, आप्पा, तुमची वाडी खळग्यात, भिंती चिऱ्याच्या, हातभर जाड. रेंज शिरणार कुठून? मी म्हटलं, भिंती आधीच्या, रेंज मागाहूनची. मागाहून आलेल्याने जुळवून घ्यायचं असतं. त्याने फोन ठेवला.

२५ जानेवारी, रविवार

वेदिका आणि जावई विनीत दापोलीहून आले. वेदिकाला पाचवा महिना. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी, हे ठरलेलंच. सावित्रीने डिंक, खारीक, अळीव यांची यादी केली. शिवाय जुनी लुगडी धुवायला काढली, दुपट्यांसाठी. मी तिला इतकं खूश बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं.

जेवताना विनीतने विचारलं, आप्पा, तुमचा फोन कधीच कसा लागत नाही? मग अगदी नम्रपणे म्हणाला की माहेरी पाठवायला त्याची ना नाही, पण जिथे फोन लागत नाही तिथे दिवस भरत आलेल्या बायकोला तो ठेवणार नाही. काही कमीजास्त झालं तर? मी शब्द दिला. अक्षय्य तृतीयेपर्यंत या घरात रेंज असेल. सावित्रीने माझ्याकडे बघितलं. विश्वासाने बघितलं असं वाटलं.

११ फेब्रुवारी

प्रयोग. मोबाईल पितळी परातीत उभा केला. परात कौलांवर. मी शिडीवर. वेळ ८.१० ते ९.४५. निष्पत्ती: एक कौल.

सावित्री विरजण आणायला पलीकडे गेली. पाऊण तास. विरजणाला इतका वेळ?

२० फेब्रुवारी

संकल्प मोडून नाव लिहितो, कारण प्रसंगच तसा आहे. आत्माराम. माझा चुलतभाऊ, गडग्यापलीकडे राहतो. गडगा म्हणजे तरी काय, जांभ्याचे दगड एकावर एक रचलेले, कंबरेएवढे. पण तो त्याच्या बापाने आमच्या हद्दीत तीन हात आत घातला. अकरा वर्षं आम्ही बोलत नाही. बायका बोलतात. बायकांना हद्दीचं गांभीर्य नसतं.

तर आत्मारामने गडग्यालगतच्या न्हाणीच्या खोपीवर आज नवे कोरे पत्रे घातले. सकाळी दात घासताना उजेड सरळ माझ्या डोळ्यात. मुद्दाम! मी बघतोय हे बघून तो त्याच्या गाईला म्हणाला, "चांदे, काय गो चकाकतंय! काय लोकांची पोटं दुखतील हां आता." त्याला माझ्याशी बोलायचं असलं की तो गाईशी बोलतो.

मी मोबाईल कानाला लावून मोठ्याने म्हणालो, "हॅलो, हो हो, काही लोकांना अक्कल नसते, पत्रे असतात." फोन अर्थातच चालू नव्हता. पण उत्तर चोख बसलं.

३ मार्च

सापडली!!

सकाळी ६.४० वा. गडग्याजवळ, रामफळीखाली, दोन काड्या. गडग्यावर वाकलं तर तीन. दोन महिन्यांच्या शास्त्रशुद्ध शोधाचं फळ. मागच्या महिन्यात याच जागी काहीच नव्हतं. त्याअर्थी माझ्या चिकाटीनेच ती आली.

सावित्रीला सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, वेदिकाच्या पायांना जरा सूज आहे, तिला फोन करा. हिला सुजेचं कसं कळलं? आईचं काळीज. खरी वायरलेस ती हीच.

१४ मार्च

रेंजचं वेळापत्रक तयार केलं. पुठ्ठ्यावर, लाल-निळ्या शाईत, ओटीवर टांगलं. आगमन ६.४०, प्रस्थान ६.५५. दुपारची फेरी १२.१०. विनीतला पोस्टकार्डाने कळवलं की याच वेळात फोन करावा, उशिरा आल्यास जबाबदारी घेतली जाणार नाही.

शिमग्याची पालखी दारात आली तेव्हा मी गडग्यावर होतो. गुरव म्हणाला, आप्पांनी या वर्षी वेगळाच देव धरलान.

२१ मार्च, पाडवा

६.४४ ला विनीतचा फोन आला! मी गडग्यावर पोटावर, पाय हवेत, डोकं आत्मारामच्या हद्दीत. संभाषण अकरा सेकंद. त्यातले नऊ सेकंद मी "आवाज येतोय का" म्हणालो. त्याने काय सांगितलं ते कळलं नाही, पण घरातून बोललो म्हणजे बोललो.

आत्माराम गाईला म्हणाला, "चांदे, ही मुंडी आपली की त्यांची गो?" मला उत्तर देता आलं नाही, कारण मोबाईल खरोखरच चालू होता.

विरजण: पन्नास मिनिटं.

२ एप्रिल

अडचण नीट समजली. रेंज गडग्यापलीकडे दोन हातांवर पडते. म्हणजे आपल्याच, बळकावलेल्या जमिनीत! लेकीच्या काळजीने येणारा फोन घ्यायला मी परक्याच्या हद्दीत लोंबकळू? विनीतने बघितलं तर काय म्हणेल?

उपाय साधा आहे. दुपारी दोन ते चार आत्माराम झोपतो. गडग्याला चुना नाही, सिमेंट नाही. रोज चार दगड.

आज चार दगड. कोणाला कळलं नाही. कंबर दुखते आहे.

१० एप्रिल

छत्तीस दगड झाले. रामफळीशी गडगा आता छान गोलाकार बाहेर गेलाय आणि मी आपल्या हद्दीत ताठ उभा राहून बोलू शकतो. खुर्ची ठेवली. कोणाला काहीही कळलेलं नाही.

सावित्री कपडे वाळत घालताना गडग्याकडे बघत म्हणाली, "ह्याला कितवा महिना लागला?"

तिलाच कळलंय. आत्मारामला नाही.

१३ एप्रिल

आत्मारामला कळलंय. पण तो काही बोलत नाही, गाईशीसुद्धा नाही. दिवाळीतच त्याने मोजणीचा अर्ज टाकला होता म्हणे. तारीख नेमकी परवाची.

रात्री पान वाढताना सावित्री म्हणाली, गुपचूप दगड परत ठेवा. मी म्हटलं, मागे जाणारी गाडी मी कधी पुकारली नाही.

१५ एप्रिल

११.२० वा. मोजणीवाले आले. साखळी, नकाशा, खुंट्या. मी खुर्चीत, मोबाईल हातात.

१.०५ वा. निकाल. हद्द जुन्या गडग्यापासून तीन हात पलीकडे!!! तीन! मी अकरा वर्षं म्हणत होतो तेच! मी तर दोनच हात घेतले होते. केवढा मोठेपणा!

आत्मारामची न्हाणीची खोप अर्धी माझ्यात आली. मी मोबाईल कानाला लावून म्हणालो, "हॅलो, अतिक्रमण आठ दिवसांत काढावं." आत्मारामने प्रथमच माझ्याकडे सरळ बघितलं. म्हणाला, "काढतो रे, आप्पा." गाईला नव्हे, मला. अकरा वर्षांनी ऐकलेलं पहिलं वाक्य. आवाज म्हातारा झालाय त्याचा. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

१९ एप्रिल

आत्मारामने खोप काढली, पत्रे उतरवले, जागाही झाडून दिली. मी लगेच गवंडी लावून, जुना गडगा मोडून, नव्या हद्दीवर चिऱ्याची भिंत घातली. छातीएवढी, सिमेंटची. आता कोणाचा बाप सरकवून दाखवो.

जुन्या गडग्याला बायकांनी केलेली एक फट होती, विरजणाची. तीही भिंतीत गेली. सावित्रीने फटीच्या जागी भिंतीवर हात फिरवून बघितला. आता विरजणाला रस्त्याने वळसा, दहा मिनिटं. म्हटलं, दही बाजारातून आणू. तिने विरजणाची वाटी उचलली आणि रस्त्याला लागली.

२० एप्रिल

६.४० वा. रेंज नाही.

१२.१० वा. रेंज नाही. गाडी लेट असेल.

२१ एप्रिल

रद्द.

२२ एप्रिल, अक्षय्य तृतीया

खुर्ची जिंकलेल्या तीन हातांत सगळीकडे फिरवली. भिंतीवर चढलो. नव्या सिमेंटमध्ये पाय उमटला. एकही काडी नाही.

रशीद मुद्दाम येऊन बघून गेला. म्हणाला, "आप्पा, रेंज त्या पत्र्यावरनं आपटून तुमच्याकडं येत होती. तुम्हीच पत्रा काढायला लावला. आता पत्रा मागून घ्या." आत्मारामकडे पत्रा मागू? रशीदला माणसांतलं कळत नाही हे माहीत होतं. आता मशिनातलंही कळत नाही असं दिसतं.

विनीतला दिलेली मुदत आज संपली. त्याला कळवायला हवं. कशाने?

२३ एप्रिल

स्टँडवरून विनीतला फोन केला. रेंजचं काम अंतिम टप्प्यात आहे म्हणालो. तो म्हणाला, आप्पा, काळजी करू नका, वेदिकाची सोय झाली आहे. दापोलीतच ठेवणार असं दिसतं.

सावित्रीला सांगितलं. वाटलं, रडेल. ती लुगड्यांची दुपटी शिवत बसली होती. शिवतच राहिली. आता कोणासाठी शिवतेस हे विचारायचा धीर झाला नाही.

वाईट वाटलं. लिहून ठेवतो, कारण हे दुसरं कोणी वाचणार नाही. पोरगी माहेरी येणार होती. टेलिफोन भिंतीला होता तेव्हा येणारच होती.

१ मे

आत्मारामने खोप परत उभारली, त्याच्या घराला लागून. आधीपेक्षा मोठी. पाणी तापवायला नवा हंडा. नवराबायको दोघंच घरात, मुलगे मुंबईला. एवढं पाणी कोणासाठी?

सावित्री डिंकाचे लाडू करून विरजण आणायला गेली. लाडू घेऊन. विरजणाच्या बदल्यात लाडू! बायकांचा हिशेब मला कळत नाही.

९ मे, रविवार

९.३० वा. सावित्री नवी साडी नेसून भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन विरजण आणायला गेली.

१०.१५ वा. रस्त्यावर सुमोचा आवाज. आत्मारामच्या बेड्यापाशी, अंगणाच्या फाटकाशी, थांबली. मी भिंतीवरून बघितलं. विनीत उतरला. मग वेदिका उतरली, सावकाश, कमरेवर हात ठेवून. सावित्रीने आणि आत्मारामच्या बायकोने, कमळाने, तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळला. आत्माराम पिशव्या घेऊन आत गेला.

वेदिकाने मला बघितलं. हात हलवून म्हणाली, "आप्पा, काकांकडं फोन आहे ना, म्हणून!"

१०.२० ते १२.१५ भिंतीच्या अलीकडे उभा. चिऱ्याची भिंत उत्तम बांधली आहे. कुठेही फट नाही.

१२.३० वा. रस्त्याने वळसा घालून गेलो. नुसतं बघून यायचं म्हणून. अकरा वर्षांनी त्या ओटीवर पाय ठेवला. आत्माराम सुपारी कातरत बसला होता. म्हणाला, "ये, बस." मी बसलो. मोबाईल कानाला लावावासा वाटला.

तेवढ्यात तोच वाजला! पाच काड्या. पूर्ण पाच! आत्मारामचं घर चढावर आहे, खळग्यात नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी उचलला. सावित्रीचा आवाज. ती आत माजघरात आत्मारामच्या टेलिफोनवर होती आणि मी घरी आहे असं समजून मला लावत होती. म्हणाली, कधीपासून लावत्ये, लागतच नाही, जेवायला या, पान वाढलंय. मला आवाज दोन्ही कानांनी येत होता. मी विचारलं, इथे पाच काड्या असतात हे तुला माहीत होतं? म्हणाली, फेब्रुवारीपासून, त्यांचा मुलगा मुंबईहून आला होता, त्याच्या मोबाईलवर बघितल्या. मग सांगितलं का नाहीस?

"तुम्ही आला असतात?"

मोबाईलवर घेतलेला पहिला पूर्ण कॉल. अवधी: चाळीस सेकंद. अंतर: एक भिंत.

३.१० वा. आता वेदिका झोपली आहे. आत्मारामही. त्याच्याच ओटीवर बसून लिहितो आहे, डायरी सावित्रीने आणून दिली. जाताना म्हणाली, भिंतीचं काय ते बघा, रोज दोन वेळा जेवायला वळसा घालून येणार का? गवंड्याला फोन करून ठेवला, लगेच लागला. उद्या येतो म्हणाला. एक माणूस जाईल एवढीच फट ठेवायची. तीन हात पुरे.

जेवणात ताक होतं. विरजण खरंच चांगलं आहे त्यांचं.