आमच्या घरचं मराठी

आई, आज सकाळी टीव्हीवरची मराठी बातम्यांची बाई ‘कोकणात मुसळधार’ म्हणाली आणि मी एकटाच बसून हसलो. तुला जाऊन बरीच वर्षं झाली, पण कोकणात पाऊस पडला की मला आपली गच्ची आठवते.

केबलवर ती वाहिनी नवीनच आली होती तेव्हाची गोष्ट. जून महिना, तंजावूर नुसतं भाजून निघतंय, आणि तू गच्चीवर अप्पांची जुनी धोतरासारखी वेष्टी पसरून तिच्यावर तांदळाचे वडाम वाळत घातलेस. संध्याकाळी मी ऑफिसातून येतो तर ताटांत, परातींत, पेपरांवर, घरभर ओले वडाम, पंखा भन्नाट फिरतोय आणि तू घामाघूम. “पाऊस येतो म्हणून टीव्हींत सांगतात की!” मी म्हटलं, “आई, तो पाऊस रत्नागिरीला. आपला दिवाळीच्या सुमारास.” तू जराही खजील झाली नाहीस. “असूं दे रे. मराठींत सांगितलें तें आपल्यालाच की! तमिळवाल्यांना कशाला सांगतील?” वडाम एकमेकांना असे चिकटले की वर्षभर आपण ते तोडून तोडून तळले.

तरी त्या वाहिनीचं मराठी तुला कधीच पसंत पडलं नाही. तुला देवनागरी येत नव्हती, मराठी लिहायचीस तेही तमिळ अक्षरांत. म्हणून पडद्याखाली पळणारी बातम्यांची पट्टी मी वाचून दाखवायचो. पुण्याची मावशी जुने दिवाळी अंक पाठवायची, तेही मीच वाचायचो, आणि तू समोर बसून शेवग्याचा पाला निवडत लेखकांच्या चुका काढायचीस. बातम्या देणाऱ्याला तर तू तोंडावर सुनवायचीस, “हें कसलें मराठी? अर्धें हिंदी!” तुझं मत ठरलेलं होतं. तीनशे वर्षांपूर्वी आपले लोक इकडे आले ते चांगलं मराठी बरोबर घेऊन आले, तिकडे राहिलं ते उरलंसुरलं. मला तेव्हा हसू यायचं. हल्ली मलाही ते थोडं पटायला लागलंय.

तुझी सून पापनाशमची, तमिळ घरातली. तू तिच्याशी मराठीत बोलायचीस, ती तुला तमिळमध्ये उत्तर द्यायची, आणि दोघींचं कधी काही अडलं नाही. अख्खा संसार तसाच झाला. तू गेलीस आणि घरातलं मराठी एका दिवसात बंद पडलं. आम्ही दोघं तमिळमध्ये बोलतो, तुझी नात कोइमतूरहून फोनवर ‘हो’ आणि ‘बरं’ एवढंच म्हणते. राहिली टीव्हीवरची बाई, ती माझं ऐकत नाही. मागच्या वर्षी बाजारात एक लांबलचक पुडलंगाय हातात धरून उभा होतो आणि आपण तिला काय म्हणतो ते काही केल्या आठवेना. भाजीवाली बघत राहिली. पडवळ! दुपारी जेवताना आठवलं. जीव भांड्यात पडला, पण त्या दिवशी मी खरंच घाबरलो, आई. तुझी भाषा माझ्याच तोंडात संपणार, असं वाटलं.

आणि मग गेल्या महिन्यातला तो रविवार. वीज गेलेली, पंखा बंद, दोघंही उकाड्याने वैतागलेले. पहिला घास घेऊन मी तमिळमध्ये म्हटलं, कढीत मीठ कमी आहे. तुझी सून पातेलं घेऊन वळली आणि म्हणाली, “कढीला कांहीं झालें नाहीं! तुमच्या जिभेलाच झालेंय कांहीं! नको तर ठेवा तसेंच!” शेवटचा शब्द लांबवला तोही अगदी तुझ्यासारखा. माझा हात ताटातच राहिला. आपण कुठल्या भाषेत बोललो हे तिलाही मागाहून कळलं. मी विचारलं, इतकी वर्षं का नाही बोललीस? तर पुन्हा तमिळमध्ये गेली आणि तुझंच नाव पुढे केलं. “अत्तै बातम्यावाल्याला सोडत नव्हत्या, मला सोडलं असतं?”

मी खूप हसलो, आणि हसता हसता डोळे पुसले. तेव्हापासून बोल म्हटलं की ती लाजते. गोडीगुलाबीने काही उपयोग नाही, तिचं मराठी फक्त रागात बाहेर येतं. राग आला की मात्र काय बोलते! परवा मला दोन वाक्यांत असं झोडपलं की त्यात तुलासुद्धा चूक सापडली नसती.

हे पत्र तू असतीस तरी मला वाचूनच दाखवावं लागलं असतं, आणि आता तर ते पाठवायचं कुठे? टेबलावरच राहील. तुझ्या सुनेलाही देवनागरी येत नाही, म्हणून बिनधास्त लिहितो. आज दुपारचं सार असं झालं होतं की तू दोनदा मागून घेतलं असतंस. मी पहिल्याच घोटाला तोंड वाकडं केलं.