दीड हात आत

मी, खाली सही करणारी बाई, वय अडुसष्ट, विधवा, पूर्वी बर्फावर जोडीने स्केटिंग करणारी आणि गेली चौतीस वर्षे तेच शिकवणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टर आता वर्षांऐवजी महिन्यांत बोलू लागले आहेत. डोके मात्र ठिकाणावर आहे, आणि कुणी धाक दाखवून किंवा लाडीगोडी लावून हे लिहून घेतलेले नाही. शाळा मी चौदाव्या वर्षी सोडली. पुढचे वाचन रिंकवरच्या बुटांच्या खोलीत, पुस्तकांच्या कडेला शब्दांचे अर्थ लिहीत केले. भाषा कुठे कायद्याची, कुठे घरची झाली तर वकीलबाईंनी सांभाळून घ्यावे.

कलम १. राहते घर, सामान आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या मुलीला. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी आधी उचलायची, मग ओढायची. दारामागे तिच्या वडिलांचा कोट आहे. तो तिने काढावा; मला सहा वर्षांत जमले नाही.

कलम २. पुस्तके नातीला, कडेच्या अर्थांसकट. त्यातले काही अर्थ चुकलेले आहेत. ते तिचे तिने शोधावेत.

कलम ३. माझ्या लग्नात नणंदबाई पाहुण्यांसमोर म्हणाल्या होत्या, "आमच्या भावाला तंगड्या दाखवणारीच मिळाली." त्यांना बैठकीतला मोठा फोटो द्यावा, ज्यात मी परपुरुषाच्या डोक्यावर आडवी आहे. भिंतीवर लावायची सक्ती नाही. टाकून द्यायला मनाई आहे. मात्र भावाच्या आजारपणात त्या रुग्णालयाच्या बाकावर एकोणीस दिवस बसून होत्या, म्हणून माझी लोकरीची शालही त्यांनाच.

कलम ४. हे मालमत्तेचे नाही, असे वकीलबाई म्हणतात. तरी ते इथेच राहील.

फोटोतला माणूस म्हणजे माझा खेळातला जोडीदार. लांब पायांमुळे त्याला सगळे बगळा म्हणतात. नऊ वर्षे त्याने मला उचलले, एकदाही पाडले नाही. देशाच्या संघाची निवड आठ दिवसांवर असताना आम्ही सरावात शेजारी-शेजारी गिरकी घेत होतो: एक पाय बर्फावर, दुसरा मागे आडवा ताणलेला. दोघांत चार हात अंतर लागते. त्याच्या ब्लेडने माझा डावा गाल उघडला. सतरा टाके पडले. गिरकी घेणाऱ्याला आपण कुठे सरकलो ते कळत नाही. तोच सरकला असणार, असे सगळे म्हणाले आणि त्यानेही ते खरे मानले. तो पुन्हा बर्फावर उतरला नाही. त्याच रिंकच्या मागच्या खोलीत अडतीस वर्षे इतरांच्या ब्लेडना धार लावतो आहे.

खरे असे आहे. माझ्या बुटाची नाडी सुटली होती. ती खोचण्यात मी मागे पडले, आणि संगीत गाठायला वळण अर्धे कापून दीड हात आत शिरले. तो जागेवर होता. टाके पडत असतानाही मला हे माहीत होते. आधी वाटले, गाल भरला की सांगू. मग लग्न झाले. मग शिकवायचे काम मिळाले. प्रत्येक नव्या जोडीला मी पहिल्या दिवशी सांगत आले, "ताल गेला तर जाऊ दे, अंतर सोडू नको." हे कुठे शिकले ते कुणाला सांगितले नाही.

माझे यजमान तेव्हा रिंकवर बर्फ गुळगुळीत करायचे यंत्र चालवत. आमच्या गिरक्यांनी बर्फात कोरलेले दोन वळसे त्यांनी वरून पाहिले होते, आणि रिंक चालवणाऱ्या मंडळाचे लोक चौकशीला यायच्या आत त्यावरून यंत्र नेले होते. शेवटच्या आजारात त्यांनी विषय काढला.

"तुझा वळसा आत होता."

"मग पुसलात कशाला?"

"यंत्राची वेळ झाली होती," एवढे बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड केले. मी पुढे विचारले नाही. आता विचारायला ते नाहीत.

माझ्याकडे सध्या एकच जोडी आहे. माझ्यामागे शिकवणारे कुणी नसले तर मंडळ जोडीचा सकाळचा तास बंद करणार. हा खेळ आतून जाणणारा इथे बगळ्याशिवाय दुसरा नाही. पण जोडीतल्या मुलीची आई, जी बसवर कंडक्टर आहे, ऐकेना. "मॅडम, तुमचा गाल रोज बघते मी. त्या माणसाच्या हाती माझी पोर? नावच काढू नका."

हे कलम माझ्या पश्चात उघडावे, असा माझा बेत होता. मसुदा वाचून वकीलबाई म्हणाल्या, "तुम्ही गेल्यावर त्यांनी भांडायचं कुणाशी?" म्हणून गेल्या महिन्यात धारेच्या खोलीत जाऊन मी त्याला हे वाचून दाखवले. त्याने यंत्र बंद केले.

"कुठल्या बाजूने आलीस?"

"तुझ्या उजव्या."

त्याने खडूने जमिनीवर दोन खुणा केल्या, मधले अंतर पावलांनी मोजले. "म्हणजे मी होतो तिथेच होतो."

"हो."

"अडतीस वर्षं मी झोपेत सरकतोय, बाई. आणि तू दर आठवड्याला पोरांचे ब्लेड आणून टाकायचीस. 'छान लाव रे धार' म्हणायचीस."

"हो."

"जा. आज तुझं तोंड नको."

बाराव्या दिवशी तो जुने बूट घालून कठड्याला धरून उभा होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या आईला आधी विचार. चोरून शिकवणार नाही मी."

मी हे पान कंडक्टरबाईंना शेवटच्या थांब्यावर रिकाम्या बसमध्ये वाचायला दिले. त्यांनी दोनदा वाचले. "म्हणजे चूक तुमची, आणि इतकी वर्षं मी शिव्या त्यांना देत्येय?" एवढेच म्हणाल्या, आणि बसची घंटा मारली.

सबब, जोडीचा सकाळचा तास मंडळाने बगळ्याला द्यावा अशी माझी लेखी शिफारस आहे, आणि माझ्या सरावाच्या चौतीस वह्या मी त्याला देत आहे. ही भरपाई नव्हे. तेवढे माझ्याकडे काही नाही. त्याने मला माफ केलेले नाही, आणि मी तसे या कागदातून मागत नाही.

कलम ५. अंमलबजावणी मुलीने करावी. माझ्यासाठी रिंक एक दिवसही बंद ठेवू नये.

ठिकाण: माझे घर, स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: अकरा फेब्रुवारी, दुपारी चार.

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार १: शेजारचे औषध दुकानदार. बाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २: बाईंनी माझ्यासमोर सही केली. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते असे वकीलबाईंनी सांगितले. मी कलम चार वाचलेले आहे. मुलीला उद्या सकाळी सहा वाजता धारेच्या खोलीतल्या सरांकडे पाठवते. सोबत मी येईन, त्यांच्याशी मला बोलायचे आहे.
— मुलीची आई, बस कंडक्टर