नालीवरचा दिवा

३ एप्रिल १९८३

फिरलं! चाक फिरलं! दालमिलमागची नाली जिथं ओढ्यात पडते तिथं छातीएवढा उतार आहे. त्या घाण पाण्याखाली चाक धरलं अन् स्कूटरचा बल्ब लागला. पाती जुना ड्रम कापून केलेली, डायनॅमो भंगारातला. रेवणप्पामामा लेथ सोडून बघायला आले. नाकाला रुमाल लावून म्हणाले, "भाच्या, नांदेडचं कॉलेज सोडून हेच करायचं होतं व्हय?" पण बल्बवरची नजर काढंनात.

आज नळाचा दिवस होता. आठवड्यातनं एकदा पाणी येतं, सगळी गल्ली धुणं काढते, नाली भरून वाहते. म्हणून लागला असेल. उद्याचं कोण सांगावं.

५ एप्रिल

आज नळ नाही. तरी लागला! दुपारी चांगला तासभर. पात्यांचा बाक बदलला होता, त्याचीच करामत. त्या प्राध्यापकाला बोलवून दाखवावंसं वाटतंय — "तुझ्यानं पंक्चरसुद्धा निघणार नाही" म्हणणाऱ्याला!

रुद्राणी आली होती. दालमिलवाल्या विरूपाक्षप्पांची मुलगी. माझी कोणीच नाही, अजून. म्हणाली, "एवढूसाच दिवा?" मग खाली बसून चाकापुढच्या जाळीत अडकलेली तुरीची सालं काडीनं काढत राहिली. मी नुसता बघत उभा. गटाराचा वास कुठं गेला कळलंच नाही.

७ एप्रिल

मामांनी विरूपाक्षप्पांकडं माझ्या अन् रुद्राणीच्या लग्नाचा विषय काढला. उत्तर आलं, "पोरगं शिकंना, कमवंना. आधी काहीतरी करून दाखवू द्या."

दाखवतोच! तडक नव्या जिल्ह्याच्या कचेरीत. शिपाई आत सोडंना, मी हटंना. आरडाओरडा ऐकून पाणीपुरवठ्याचे साहेबच बाहेर आले. नालीवर वीज म्हटल्यावर आधी हसले. मग म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी येतो. चाललं तर आणखी चार ठिकाणी बसवू. काम तुलाच."

"नळाच्या दिवशी येता का?" असं विचारायचं सोडून मी छाती काढून म्हणालो, "कधीपण या साहेब. रोज चालतंय."

११ एप्रिल

लागला. रुद्राणीनं छतावरनं बघितला. मी तिला बघितलं.

१३ एप्रिल

हापशावर ही रांग. शेजारच्या केवळाबाई रिकामी घागर घेऊन उभ्या. "काय रं इंजिनेर, आमच्या घागरीला थेंब न्हाई, अन् तुझ्या चाकाला कुठनं येतंय?"

"चाकाची कमाल हाय, मावशी."

"मग घरी नेऊन ठिवते की. रोज दोन घागरी दिईल." बाया हसल्या. मी भांडलो, पाय आपटत निघालो. राग उतरला, पण प्रश्न काही उतरंना. चाक काय पाणी तयार करतं का?

नालीच्या कडंनं वर चालत गेलो. मिलच्या पलीकडं नाली कोरडी ठक्क. पाणी येत होतं ते मिलच्या मोरीतनं. तूर भिजवायच्या हौदाचं. अन् मिलची विहीर तर संक्रांतीलाच आटलेली! मागच्या भिंतीशी ताजी उकरलेली माती. तिच्यात पाइप, गावाच्या टाकीकडं जाणाऱ्या मोठ्या पाइपाला जोडलेला.

मीच रोज दिवा लावून ही चोरी गावाला दाखवत होतो.

१४ एप्रिल

देवळाच्या पायऱ्यांवर रुद्राणीला सगळं सांगितलं. म्हणालो, "उद्या दिवा लागला की साहेब पाणी कुठलं ते विचारणार. सकाळीच पाती काढून ठेवतो. बिघडलं म्हणतो."

"मग तुमचं काम?"

"जाऊ दे."

"अन् त्या रांगेतल्या बाया?"

उठताना तीच म्हणाली, "चाकाला हात लावू नका."

म्हणजे काय? काम मला मिळावं म्हणते? पण मग तिचे अप्पा? जेवण गेलं नाही. तरी खरं सांगू? ती माझ्याशी एवढं बोलली, तेच पुन्हापुन्हा आठवतोय.

१५ एप्रिल

दिवा लागला. टाळ्या पडल्या. साहेब वाकून बघत म्हणाले, "छान! पण आज एवढं पाणी येतं कुठनं?" विरूपाक्षप्पा शेजारीच उभे, माझ्या तोंडाकडं बघत.

रुद्राणी गर्दीतनं पुढं आली. "या साहेब, दाखवते," म्हणाली, अन् नालीच्या कडंनं मिलकडं चालायला लागली.