अकरा नंबरचा जोड

ग्राइंडर माझाच आहे, दादा. तू वहिनीला सांगतोस की दोघांच्या पैशातून घेतला, आणि आईला सांगतोस की बाबांनी तुला दिला. बाबा गेल्यावर दोन वर्षांनी तो आला, आणि आणला मी, पाठीवर, कारण सायकल तुझ्याकडे होती. सायकल नेहमी तुझ्याकडेच असायची. हे भांडण पुढे नेण्याआधी कायद्याचं लिहून घेतो, नाहीतर खालच्या कॉटवरचा फिटर म्हणेल की हे मृत्युपत्र नाही, कागाळी आहे.

तर मी, वय चोवीस, धंदा वेल्डिंग, शिक्षण सातवी सहामाहीपर्यंत, हल्ली मुक्काम शेजारच्या देशात कंपनीच्या खोलीत, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, मी प्यालेलो नाही, आणि कोणी मानेवर बसून लिहवून घेत नाही. फिटर बसलाय, पण तो फक्त मोठे शब्द पुरवतो. त्याचे मामा कोर्टाबाहेर अर्ज लिहायचे.

कारण असं, की उद्यापासून मला बंद टाकीत उतरून आतून जोड मारायचे आहेत. आत हवासुद्धा पाइपने येते. जो उतरेल त्याने मागे कोणाला काय द्यायचं हे लिहून द्यावं, असा इथला नियम. ऑफिसातल्या बाईंनी चार ओळींचा फॉर्म दिला. मी म्हटलं, बाई, चार ओळींत आमचं घर मावत नाही. त्यांनी वहीच दिली.

कलम एक, स्थावर. मागची खोली बाबांनी माझी म्हणून सांगितली होती. ती वहिनीला. दादाला नाही. वहिनीने तिथे शिलाई मशीन ठेवावं, आणि दादाने रॉडचे खोके रचायला सुरुवात केली तर हा कागद त्याच्या तोंडासमोर धरावा.

कलम दोन. बँकेत जे असेल ते आईला. त्यातून आधी डोळ्याचं ऑपरेशन करायचं, आणि दादाला न विचारता करायचं. आई, तू भाजी आणायलासुद्धा दादाला विचारून निघतेस. लहानपणी दादाचा ताप म्हणजे ताप, आणि माझा ताप म्हणजे शाळा बुडवायचं निमित्त. बरं, होतंही निमित्त. पण एकदा तरी कपाळाला हात लावून बघायचं होतंस.

कलम तीन, हत्यारं. माझे हातमोजे फिटरला, त्याचा डोळा आहेच त्यांच्यावर. ग्राइंडर दादाला. फक्त तो माझा होता हे त्याने आधी दोन माणसांसमोर कबूल करायचं. बाबांचा वेल्डिंग करताना हातात धरायचा मुखवटा, मूठ जळून काळी झालेला, तो दादाकडेच आहे, तिथेच राहू दे. बाबा मला म्हणाले होते, "तुझा हात घाईचा. आधी हात बसव, मग माग." तो मला नको. हवा होता, पण नको.

कलम चार. यात वस्तू एकच आहे, पण लिहायला वेळ लागेल. फिटरला मी चहा आणायला पाठवलाय.

इथे टाक्या अर्ध्या उभ्या होत्या आणि जोडायला माणसं नव्हती. इथली पोरं खुर्चीवरची कामं धरतात, ठिणग्या अंगावर घ्यायला कोणी राजी नाही. म्हणून कंपनीची माणसं आपल्या गावात आली. बंद गिरणीच्या शेडमध्ये टेस्ट ठेवली. त्रेचाळीस वेल्डर, जागा सहा. दादाचा नंबर अकरा, माझा बारा. प्रत्येकाने एक पाइप जोडायचा, तो निवला की लोखंडी पंचाने त्यावर आपला नंबर ठोकायचा आणि टेबलावर ठेवायचा. नाव कोणी विचारत नव्हतं. नंबर हेच नाव.

दादाचा जोडावरचा शेवटचा फेरा संपत होता तेवढ्यात शेजारचा शिंपी धावत आला. वहिनीच्या कळा सुरू झालेल्या. दादाने फेरा पुरा केला, घाई न करता, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मग मुखवटा काखेत मारून म्हणाला, "निवला की माझ्यावर अकरा मार, तुझ्यावर बारा. मी पळतो."

दोन्ही पाइप स्टँडवर शेजारी निवत पडले होते. दादाच्या जोडावर एकसारख्या लाटा, जणू कोणी बोटाने ओढल्यात. माझ्यावर डोंगर आणि खड्डे. मी पंच उचलला. दादा, त्या वेळी मला परदेश दिसत नव्हता, पैसा दिसत नव्हता. फक्त एवढंच दिसत होतं की हा जोडसुद्धा तुझाच, सायकलसारखा.

तुझ्यावर मी बारा मारला, माझ्यावर अकरा.

संध्याकाळी पास झालेले नंबर वाचले, त्यात बारा होता. घरी पोचलो तर पुतणी झाली होती आणि तू तिला धरून बसला होतास. तू मला म्हणालास, "शाब्बास. एक तरी गेला." तिथेच माझ्या कानाखाली वाजवली असतीस तर बरं झालं असतं.

मला वाटलं, सुटलो. पण तुझा जोड माझ्याआधी इथे येऊन बसला होता. अर्धा त्यांनी कापून, वाकवून तपासला आणि उरलेला अर्धा ऑफिसच्या दारातल्या काचेच्या कपाटात ठेवला, बारा नंबर वर. नवा माणूस आला की फोरमन त्याला तिथे उभा करतो आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "हा बघ याचा हात." इथे जोडाचा आतून फोटो काढतात, छातीचा काढतात तसा. माझे पहिले नऊ जोड फोटोत नापास झाले. फोरमन म्हणाला, "घरची आठवण येते का रे? कपाटातला हात कुठे ठेवून आलास?" काय सांगणार, घरीच ठेवून आलो होतो.

शेजाऱ्याच्या गाडीवर जळणारे पुष्कळ असतात. मी दीड वर्ष एका अर्ध्या पाइपवर जळतोय. सकाळी कामावर जाताना तो कपाटातून बघतो, सुटताना बघतो. त्याच जळण्यावर मी शिकलो. सहा महिने झाले, माझा एकही जोड परत आला नाही. तरी कपाटासमोर उभा राहिलो की तुझ्या लाटा एकसारख्या, आणि माझ्या अजून मोजून.

मी तोंड उघडलं नसतं. पण मागच्या रविवारी वहिनीचा फोन आला. पोर उशिरा का होईना चालायला लागली, असं सांगितलं आणि हसत हसत पुढे म्हणाली, "भाऊजी, सासूबाई म्हणतात, हिच्या पायांचं काय कौतुक, बापाचं नशीब तुडवत आलीय. तुमचे दादा तर पाइपला हातच लावत नाहीत आता. म्हणतात, काळजीत शेवटचा फेरा बिघडला, तेव्हापासून हात गेला. गेटं आणि खिडक्या करतात." ती हसत होती, पण मधेच थांबली. मी म्हणालो, रेंज जातेय. रेंज चांगली होती.

सबब या कागदाने जाहीर करतो की पोरीचा पायगुण चांगला आहे. तिने कोणाचं काही तुडवलं नाही, जे केलं ते तिच्या काकाने केलं. दादाचा शेवटचा फेरा बिघडला नव्हता. तो कपाटात आहे, कोणीही येऊन बघावा. आई, हे तू वहिनीसमोर मोठ्याने वाचून घ्यायचं, दोनदा.

सदरहू जोड दादाला देतो असं मी लिहिलं होतं. फिटर चहा घेऊन आला, वाचलं, आणि ‘देतो’ या शब्दावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "जे तुझं नाही ते तू देऊ शकत नाहीस." म्हणून देतो खोडून परत करतो असं लिहिलंय.

कलम पाच. काल फोरमनला सांगितलं. वाटलं, ओरडेल, पोलीस बोलावेल. त्याने कपाटाकडे बघितलं आणि विचारलं, "मग तो अकरा नंबर कुठे आहे?" बघ, दादा! दीड वर्ष घाम मी गाळला आणि पहिला प्रश्न तुझ्याबद्दल. मी म्हणालो, घरी आहे, गेटं करतो. तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात आम्ही परत जातोय तिकडे. त्याला उभा कर." माझं म्हणशील तर पगार आजपासून हेल्परचा, आणि टाकीतले जोड हीच माझी टेस्ट. एक जरी परत आला तर परतीचं तिकीट. नंबर माझा मी मारणार.

तू येशील, पास होशील, आणि महिन्याभरात हे सगळे तुझंच नाव घेतील. माझ्या पोटात आत्ताच दुखतंय. तरी ये.

फिटर म्हणतो, "वेड्या, मृत्युपत्र मेल्यावर वाचतात." मेल्यावर वाचलं तर दादा रडेल, आणि लोक म्हणतील भाऊ असावा तर असा. तेही कौतुक त्यालाच. नको. एक प्रत ऑफिसात, दुसरी फिटर गुरुवारी रजेवर जाताना घरी देईल. दादाने वाचावी आणि फोनवर मनसोक्त शिव्या घालाव्यात. मी रेंज जातेय म्हणणार नाही.

आणि टेस्टच्या दिवशी पाइप निवेपर्यंत तिथेच थांब. नंबर स्वतःच्या हाताने मार. कोणाला सांगू नकोस, भावाला तर नाहीच.

लिहून देणार: धाकटा (सही)
साक्षीदार: खालच्या कॉटवरचा फिटर (सही, मामांसारखी लपेटदार)
साक्षीदार: मेसचा आचारी (अंगठा, वाचलेलं नाही, ऐकलंय)
ठिकाण: खोली नंबर नऊ, खिडकीजवळची वरची कॉट
तारीख: टाकीत उतरायच्या आदला दिवस, रविवार, दुपार

सोबत फिटरच्या हाती दादाच्या पासपोर्टचा खर्च, इथवरचं गाडीभाडं आणि टेस्टची फी, शिवाय पोरीला चालताना वाजणारे बूट, आईला स्वयंपाकघरात ऐकू जातील असे, मिळून आपल्याकडच्या पैशात एकूण सदतीस हजार चारशे.